तिकिटाखालची जागा

वेसवीच्या धक्क्यावर होडीतून थैली उतरायची,
ती खांद्यावर घेऊन मी बाणकोटची चढण चढायचो.
अठ्ठावीस वर्षं.
त्यातली निम्मी पत्रं कुवेतची, बहारीनची, मस्कतची,
थैलीत हलकी, दारात उभ्या माणसांना जड.

पत्र घरचं, कोपरा माझा,
असा काही करार कुठे लिहिलेला नव्हता.
खैरुन्निसाभाभी पाकिटाचा कोपरा कात्रीने कापून
उंबऱ्यावर ठेवायची, वर एक खजूर.
मी खजूर खायचो, कोपरा टोपीत घालायचो.

घरी परातीत कोमट पाणी.
तिकिटं भिजायची: ससाणा, गलबत, तेलाची विहीर,
रुमालवाला शेख, पुन्हा तोच शेख, निळा.
डिंक सुटला की कागद खाली बसायचा
आणि देश वर तरंगायचा, नखाएवढा.

आता डब्यात तांदळाची पुरचुंडी, कापराच्या वड्या.
खाडीचा दमटपणा कुणाला सोडत नाही,
वर्षाआड कसर एखाद्या शेखाचा कान खाते.
मुलगा पनवेलहून आला, एका दुपारी सगळ्यांचे फोटो काढले,
म्हणाला, बाबा, आता डबा गेला तरी काही जात नाही.
मी बरं म्हटलं.
रात्री डबा उशाशी घेऊन झोपलो.

काल अफीफा आली, खैरुन्निसाभाभीची नात,
दापोलीला कॉलेजात असते.
शाळेत होती तेव्हा तिला एकदा सगळा संग्रह दाखवला होता,
तिने जांभई दिली होती, अगदी अदबीने.
म्हणाली, नानीला जाऊन चाळीस दिवस झाले.
नानांच्या हातचं घरात काही नाही,
ट्रंक उघडली तर पत्रांची वाळवीने माती केलेली.
तुमच्याकडे आहे का काही?

मी ससाणा पुढे केला. तिने फोनवर शोधलं.
"चाळीस रुपये. पूर्ण सेट असेल तर दीडशे."
दोघांपैकी ओशाळलं कोण, मला सांगता येणार नाही.

मग सांगून टाकलं, जे बायकोलाही सांगितलं नव्हतं.
एकदा परातीत तिकीट सुटलं आणि खाली
तेवढ्याच जागेत शाई निघाली,
उजवीकडून डावीकडे चाललेली मुंग्यांची रांग.
मला उर्दू येत नाही.
तसंच धावत न्यायला हवं होतं. मी चष्मा शोधत बसलो.
तोवर पाणी जांभळं.

त्यानंतर तिच्या दारचं एकही तिकीट मी सोडवलं नाही.
सतरा कोपरे, तसेच, वेगळ्या पाकिटात.
पुढे पत्रंच थांबली. घरोघर फोन आले,
आता तर कुवेतातला माणूस जेवतानाही दिसतो.

अफीफाने फोनचा टॉर्च लावला,
कोपरा उजेडावर धरला.
गलबत पेटलं: शिडं, दोर, किंमत, आणि मागे काहीच नाही.
ससाणा, काही नाही. शेख, नाही.
अकराव्या कोपऱ्यावर ती थांबली.
उजेड हनुवटीवर, ओठ हलत होते,
मग ओढणी तोंडावर दाबून ती इतकी हसली
की बायको पापड टाकून आत आली.

काय लिहिलंय, मी विचारलं.
"ते तुमच्यासाठी नाही, आजोबा."

खरंच आहे.
माझ्या हातून गेलेलं माझ्यासाठी होतं कधी?

तो कोपरा तिने फोनच्या कव्हरमागे सरकवला,
बाकीचे सोळा परत दिले.
तूही जमवणार का तिकिटं, विचारलं, तर म्हणाली, छे.
पण सहा बघायचे राहिलेत, ते रविवारी,
आता बॅटरी सात टक्के आहे.

मी त्या सहांना वेगळं रबर लावलं
आणि जुन्या सवयीने म्हणालो, घेतलंस ना, इथे सही कर.
तिने केली,
डब्याच्या झाकणावर, दमटपणात, बोटाने.